आधी मोजा, मग घासा

"होनिंग म्हणजे काय?"

व्हायवाला सरांनी हा प्रश्न टाकला तेव्हा मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या होत्या. पाठच होतं ना! घासणाऱ्या कांड्या, गोल फिरणं आणि वर-खाली होणं या दोन्ही गती एकाच वेळी, त्यातून उमटणारा क्रॉस-हॅच पॅटर्न... धडाधड सांगून टाकलं. वर होनिंग आणि लॅपिंगमधला फरकही न विचारता सांगितला. सर खूश, मी खूश.

त्यानंतर पाचव्या आठवड्यात मी आमच्या शेतातल्या इंजिनाचा सिलिंडर आईच्या लाटण्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासत बसलो होतो! आणि त्या घासण्यात होनिंग सोडून बाकी सगळं होतं.

मित्रांनो, हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचंही वाचा. कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी असं एखादं इंजिन आहे आणि उरलेल्या निम्म्यांची मोटारसायकल हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये निळा धूर सोडत उभी आहे. आज ना उद्या तुम्हीही रिंगा बदलायला बसणार आणि कुणीतरी तुम्हाला सांगणार, "जरा घासून घे रे आतनं."

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरच्या कडेला. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी आमच्या शिवारापर्यंत आलं. पण हे पाणी एका जागी थांबत नाही. उन्हाळ्यात ते मागे मागे सरकतं. फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक ते बघायला येतात. आम्हाला मात्र देऊळ दिसलं की पोटात गोळा येतो, कारण पाइप आणखी पुढे न्यायचे असतात. मोटार विजेच्या खांबापासून किती लांब नेणार? म्हणून आमच्याकडं अजूनही पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आहे. पाण्यामागं ते ओढत न्यायचं, पंप जोडायचा आणि पाणी वर मोटारीच्या विहिरीत टाकायचं.

गेल्या उन्हाळ्यात हे इंजिन तेल खायला लागलं. सकाळी भरलेलं तेल दोन दिवसांत खाली. धूर निळा. चालू व्हायला हँडल मारून मारून खांदे भरून यायचे. अण्णा म्हणाले, "मिस्त्रीला बोलवू." मी म्हटलं, "मिस्त्री कशाला? मी आहे ना!" तीन वर्षं मेकॅनिकल शिकून घरच्या इंजिनाच्या रिंगा बदलता येत नसतील तर फी कशाची भरली?

तर मी हेड काढलं, पिस्टन वर काढला. लायनर आतून आरशासारखा चकचकीत होता. आता एवढं नक्की माहीत होतं, की असल्या गुळगुळीत भिंतीवर नव्या रिंगा बसत नाहीत, भिंत खरबरीत करायला हवी. होनिंगचं टूल नव्हतं. मग लाटणं आणि पॉलिश पेपर. खाली क्रँकवर साधं फडकंसुद्धा टाकलं नाही. अर्धा तास खाली-वर, खाली-वर. मग डिझेलनं धुतलं, पुसलं, नव्या रिंगा घातल्या आणि हँडल मारलं. पहिल्या झटक्याला चालू! अण्णांनी शेजारच्या रानातल्या माणसाला हाक मारून सांगितलं, "पोरानं केलं." तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.

चौथा दिवसही विसरणार नाही. चौथ्या दिवशी धूर पहिल्यापेक्षा जास्त होता. श्वसननळीतून फस्-फस् हवा यायला लागली. पाचव्या दिवशी इंजिन चालूच होईना.

पुढचे अकरा दिवस पाणी बंद. खोडव्याची पानं वळायला लागली. कडवळ तर जळूनच गेलं आणि चार गाईंना विकतचा चारा आणावा लागला. लायनर-पिस्टनचा खर्च वेगळाच. अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटी मिस्त्री आले. त्यांनी लायनरमध्ये हात घातला, वरच्या काठाखाली अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "दहा-बारा थाऊ गेलाय. इंजिनिअर साहेब, आधी मापलं का?"

"कशानं मापणार मिस्त्री? घरात काय आहे मापायला?"

"मंग कॉलेजात काय करता?"

या एका प्रश्नासाठी हा लेख आहे.

आधी माझं काय काय चुकलं ते सांगतो, कारण ते सगळं पुस्तकात होतं आणि तरीही मला दिसलं नाही. रिंग भिंतीला दाबून धरते ती काही फक्त स्वतःच्या ताणानं नाही. ज्वलनाचा दाब रिंगच्या मागे शिरतो आणि तोच तिला भिंतीवर ढकलतो. नवी रिंग आणि भिंत सुरुवातीच्या काही तासांत एकमेकींना थोडं थोडं झिजवतात, उंचवटे मोडतात आणि मग दोघींची जोडी जमते. भिंत काचेसारखी असेल तर ही झीज होतच नाही, जोडी जमत नाही. भिंतीवरच्या तिरप्या रेषांचं दुसरं काम तेल धरून ठेवायचं. रेषा एकमेकींना छेदतात, त्यामुळे तेल भिंतीभर पसरतं.

माझ्या लाटण्यानं मात्र उभ्या रेषा पाडल्या होत्या. उभी रेषा म्हणजे वरच्या गॅसला खाली जायला आणि खालच्या तेलाला वर यायला सरळ रस्ता. तेल खातंय म्हणून दुरुस्ती काढली आणि तेलासाठीच हायवे बांधून दिला!

दुसरी चूक धुण्याची, आणि ही चूक चांगले चांगले लोक करतात. डिझेल किंवा पेट्रोल तेल विरघळवतं, पण रेषांच्या खाचेत रुतलेली धूळ, म्हणजे पेपरचे कण, तिथेच राहतात. इंजिन चालू झालं की हे कण रिंगेत बसतात आणि रिंग म्हणजे कानस होते. खरा उपाय अगदी घरगुती आहे: गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश. घासून घासून धुवायचं, मग पांढऱ्या फडक्याला थोडं तेल लावून आतून पुसायचं. फडकं करडं झालं तर पुन्हा धुवायचं. फडकं पांढरंच निघेल तेव्हा थांबायचं आणि लगेच तेलाचा हात द्यायचा, नाहीतर बीड डोळ्यांदेखत गंजतं. सगळ्या कामातला हा सगळ्यात स्वस्त भाग आणि मी तोच टाळला.

पण या दोन्ही चुका मी केल्या नसत्या तरी इंजिन टिकलं नसतं! कारण तिसरी चूक त्या दोन्हींच्या आधीची होती. लायनर घासण्याच्या लायकीचाच उरला नव्हता आणि ते मी बघितलं नव्हतं.

पिस्टन वर पोचतो तिथं क्षणभर थांबतो. तिथं उष्णता सगळ्यात जास्त, दाब सगळ्यात जास्त आणि रिंग थांबलेली असल्यानं तेलाचा पापुद्रा सगळ्यात पातळ. म्हणून सिलिंडर सगळ्यात जास्त झिजतो तो वर, पहिली रिंग जिथपर्यंत जाते तिथं. त्याच्या वर रिंग पोचत नाही, तो भाग मूळचाच राहतो आणि तिथं एक पायरी तयार होते. मिस्त्रींचं नख अडकलं ते त्या पायरीला. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका ढकलतो त्या बाजूला झीज जास्त, म्हणून सिलिंडर नुसता वर रुंद होत नाही, अंडाकृतीही होतो.

घरच्या होनिंगनं यातलं काय दुरुस्त होतं? काहीही नाही. बाजारात मिळणारं तीन पायांचं स्प्रिंगवालं होन किंवा गोळ्यागोळ्यांचा ब्रश, दोन्ही भिंतीच्या आकाराप्रमाणे वाकतात. भिंत अंडाकृती असेल तर ते अंडाकृतीच घासतात. ते चकाकी मोडतात, आकार सुधारत नाहीत. त्यातून निघणारा थर एखाद्या शतांश मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. आकार सुधारायला ताठ दांड्याचं मशीन लागतं, वर्कशॉपात असतं तसं.

मिस्त्रींनी लायनर काढून दिला. मी तो पोत्यात घालून भिगवणहून एस. टी.नं बारामतीला आणला. परीक्षा संपलेल्या, हॉस्टेल रिकामं. मेट्रॉलॉजी लॅबमधल्या सरांना विनंती केली आणि त्यांनी कपाट उघडून बोअर गेज काढून दिला. सेकंड इयरला प्रॅक्टिकलच्या दिवशी आमच्या वीस जणांच्या बॅचमध्ये मी तो गेज लांबून बघितला होता. हातात पहिल्यांदाच घेतला. मूळ बोअर ८० मिमी. खाली, जिथं रिंगा पोचत नाहीत तिथं, ८०.०२. वर पायरीच्या खाली एका दिशेला ८०.२६ आणि दुसऱ्या दिशेला ८०.३१. म्हणजे सगळ्यात जास्त झीज ०.२९ मिमी. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे ०.०२५ मिमी. हिशेब करा, साडेअकरा थाऊ होतात. मिस्त्रींचं नख बरोबर होतं!

आता कामाची गोष्ट. बोअर गेज सगळ्यांकडं नसतो, पण फीलर गेज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि रिंग तर तुमच्या हातातच असते. एक रिंग सिलिंडरमध्ये ठेवा. पिस्टन उलटा धरून तिला हलकेच ढकला, म्हणजे ती तिरपी राहणार नाही. आधी तळाकडं, न झिजलेल्या भागात, रिंगच्या दोन टोकांमधली फट मोजा. मग तीच रिंग वर पायरीच्या जरा खाली आणून पुन्हा फट मोजा. दोन फटींतला फरक भागिले ३.१४ म्हणजे वरची व्यासाची झीज. का? घेर म्हणजे पाय गुणिले व्यास, हे शाळेत शिकलो तेवढंच. माझ्या लायनरमध्ये नंतर मी हे करून बघितलं. खाली फट ०.३५ मिमी, वर १.२०. फरक ०.८५, भागिले ३.१४, उत्तर ०.२७. गेजच्या दोन वाचनांची सरासरी घेऊन त्यातून खालचं माप वजा केलं तर तेही जवळपास तेवढंच येतं. या रीतीनं अंडाकृतीपणा कळत नाही, सरासरी झीज मात्र कळते. आणि घासायचं की नाही हे ठरवायला बहुतेक वेळा तेवढी पुरते. रिंग जुनी असली तरी चालते, कारण आपण फक्त फरक बघतो.

दहा मिनिटांचं काम! हे मी लाटणं हातात घेण्याआधी केलं असतं तर अकरा दिवस वाचले असते.

मग घरी होनिंग करूच नये का? इथं दोन पक्ष आहेत. एका पक्षात आपले काही सर आहेत. ते म्हणतात, हे मशीनचं काम, घरी हात लावायचा नाही. दुसऱ्या पक्षात काही मिस्त्री आहेत. ते म्हणतात, होनिंग वगैरे कंपनीची नाटकं, रिंगा टाका आणि पळवा, आपोआप बसतात.

मला दोन्ही अर्धे पटतात. भिंतीवर कंपनीच्या मूळ रेषा अजून दिसत असतील आणि माप मर्यादेत असेल, तर मिस्त्रींचं खरं आहे, उगीच घासू नका. रेषा गेल्या असतील, भिंत चकाकत असेल, पण माप मर्यादेत असेल, तर घरी होनिंग करायला काहीच हरकत नाही. माप मर्यादेबाहेर असेल तर सरांचं खरं: मोटारसायकलचा ब्लॉक असेल तर वर्कशॉपात बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घाला, शेतीच्या इंजिनाचा लायनर असेल तर लायनरच बदला. मर्यादा प्रत्येक इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. १०० सीसीच्या गाड्यांत ती साधारण ०.१ मिमीच्या आसपास असते. म्हणजे भांडण घासायचं की नाही याचं नाहीच. मोजल्याशिवाय दोन्ही पक्ष अंदाजानं बोलतात, एवढंच.

आणि शेतीच्या इंजिनात लायनर बदलता येतो ही केवढी मोठी सोय आहे याचा विचार आपण कधी केला का? आपल्या आय. सी. इंजिन लॅबमध्ये ज्याच्यावर आपण हीट बॅलन्स शीट काढतो ते किर्लोस्कर एव्ही-१ आठवा. बोअर ८० मिमी, स्ट्रोक ११० मिमी, १५०० आरपीएमला ५ एचपी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरापासून सुरुवात केली, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली आणि पुढं १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. असली इंजिनं जिथं जाणार तिथं बोअरिंग मशीन नसणार, हे उघडच होतं. म्हणून झिजलेली नळी काढा, नवी बसवा, अशी रचना शेतकऱ्याच्या उपयोगाची. नव्या लायनरला होनिंग कारखान्यातच झालेलं असतं. म्हणजे माझ्या इंजिनाचा खरा उपाय डिझाइन करणाऱ्यानं आधीच करून ठेवला होता, मी लाटणं घेऊन त्याच्या आडवा गेलो.

ज्यांचं माप मर्यादेत आहे आणि ज्यांना घरी होनिंग करायचंच आहे, त्यांच्यासाठी एक हिशेब. ८० मिमी बोअरमध्ये होन ३०० आरपीएमनं फिरलं तर दगड भिंतीवरून मिनिटाला सुमारे ७५ मीटर धावतो. रेषांनी एकमेकींना ४५ अंशांत छेदायचं असेल तर वर-खालीची गती त्याच्या ०.४१ पट हवी, म्हणजे मिनिटाला ३१ मीटर, सेकंदाला अर्धा मीटर. १५ सेंटिमीटरची खेप धरली तर मिनिटाला शंभर वेळा वर-खाली! हात चांगलाच चपळ चालवावा लागतो. आता कुणी घरातली साधी ड्रिल पूर्ण स्पीडनं, २६०० आरपीएमनं लावली आणि हात तेवढाच चालवला, तर रेषांमधला कोन जेमतेम पाच अंशांचा पडतो. म्हणजे आडव्या रेघोट्याच, वर होन तुटून अंगावर यायची भीती वेगळी. म्हणून स्पीड कमी-जास्त करता येणारी ड्रिलच घ्यायची. होन फिरत असताना ते बाहेर काढायचं नाही, तेल सोडत राहायचं, क्रँकवर फडकं टाकायचं आणि अर्ध्या मिनिटानं थांबून बघायचं. साध्या बिडाच्या रिंगांना २२० ते २४० नंबरचा दगड चालतो, मॉलीच्या रिंगांना त्याहून बारीक. रेषा दिसल्या की बस्स.

हॉस्टेलमधल्या बाइकवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. यामाहा आर-१५ च्या सिलिंडरमध्ये बिडाची नळी नसते. तो सिलिकॉन मिसळलेल्या अॅल्युमिनियमचा असतो. केटीएम ड्यूक ३९० च्या भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ मुलामा असतो. असल्या भिंतीला घरचा दगड लावला तर दुरुस्ती होत नाही, सिलिंडर जातो. आपल्या गाडीच्या आत काय आहे हे आधी वाचा, मग पाना उचला.

आणि रिंगा बदलून झाल्यावर इंजिन तासन्‌तास नुसतं रिकामं चालवत ठेवू नका. लोड नसेल तर रिंगेमागचा दाब कमी, रिंग भिंतीला नीट दाबली जात नाही, अर्धवट जळलेलं इंधन आणि तेल भिंतीवर वार्निशसारखं चढतं आणि पुन्हा तीच चकाकी. आपल्या लॅबमधलं इंजिन बघा. बॅच आली, चालू केलं, चार वाचनं हलक्या लोडला घेतली, बंद केलं. वर्षानुवर्षं हेच. त्याच्या लायनरमध्ये आज कुठली रेष शिल्लक असेल असं मला वाटत नाही. एकदा उघडून बघितलं पाहिजे. तेच आपलं खरं प्रॅक्टिकल होईल.

आता माझा मुद्दा. आपण ज्या भागात शिकतो तिथं मापाची कमतरता नाही. इंदापूर तालुक्यातल्याच वालचंदनगरला साखर कारखान्याच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या मोटर केसिंगपर्यंत कामं झाली आहेत. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे, तिथं २०१२ पासून व्हेस्पा बनते. यातलं काहीही अंदाजानं बनत नाही. आणि या दोन्हींच्या मधल्या गावांत, नीरा डाव्या कालव्याच्या आणि बॅकवॉटरच्या कडेला, इंजिनं नखानं मोजली जातात. नख चुकत नाही असं मी वर म्हटलं, पण तसलं नख तयार व्हायला तीस वर्षं लागतात. आणि मिस्त्रींचा मुलगा गॅरेजमध्ये बसत नाही, तो पुण्याला नोकरीला आहे. ते नख गेल्यावर काय?

त्याच वेळी आपला बोअर गेज कपाटात आहे. मी कुणावर ठपका ठेवत नाही. हरवेल, मोडेल, ऑडिटला काय दाखवायचं, ही भीती खरी आहे. पण वर्षातून एकदा बाहेर निघणारं उपकरण आणि नसलेलं उपकरण यात शेतकऱ्याच्या दृष्टीनं काय फरक आहे?

माझी मागणी लहान आहे. महिन्यातला एक शनिवार मेट्रॉलॉजी लॅब आसपासच्या गावांसाठी उघडी ठेवावी. कुणीही आपला लायनर किंवा मोटारसायकलचा ब्लॉक घेऊन यावा. आम्ही विद्यार्थी तीन उंचींवर, प्रत्येक उंचीला दोन दिशांनी, अशी सहा मापं घेऊ आणि चिठ्ठीवर लिहून देऊ: नुसत्या रिंगा चालतील, होनिंग करून रिंगा टाका, किंवा बोअर करा, लायनर बदला. दुरुस्ती मिस्त्रीच करतील, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. उलट त्यांनाच बोलवावं. नखानं काढलेला अंदाज आणि गेजचं वाचन शेजारी शेजारी लिहून ठेवावं. मला खात्री आहे, पहिल्या काही शनिवारी आपणच जास्त शिकू.

माझा रूम पार्टनर म्हणाला, "अरे, सगळं इलेक्ट्रिक होणार, शेतात सोलर पंप येतायत. पिस्टन रिंगवर कसला लेख लिहितोस?" येऊ देत की! आमच्याच गावात दोन सोलर पंप बसलेत आणि चांगले चालतात. पण जेसीबीच्या हायड्रॉलिक सिलिंडरची नळीही आतून होन केलेली असते आणि एअर कॉम्प्रेसरमध्येही पिस्टन-रिंगच असते. आणि समजा, उद्या हे सगळंही गेलं. तरी काम हातात घेण्याआधी मोजायचं, ही सवय कुठल्या बॅटरीनं जाणार आहे?

असो. आमच्या इंजिनात नवा लायनर आणि नवा पिस्टन बसला. मिस्त्रींनी बसवला, मी शेजारी उभा राहून पाने दिले. बसवण्याआधी त्यांनी नवी रिंग लायनरमध्ये ठेवली आणि फीलर गेज माझ्या हातात दिला. म्हणाले, "घ्या, वाचा. आमचं डोळं आता बारीक दिसत न्हाईत." मी वाचलं, ०.३०. नियम बोअरच्या ०.३ ते ०.४ टक्क्यांचा, म्हणजे ८० मिमीला ०.२४ ते ०.३२. बरोबर मध्ये.

जुना लायनर मी फेकला नाही. तो माझ्या हॉस्टेलच्या रूममध्ये टेबलावर आहे, त्यात पेनं ठेवतो. ज्यांना पायरी म्हणजे काय, उभ्या ओरखड्यांचं नुकसान काय, हे नखानं बघायचं असेल त्यांनी जरूर यावं. लाटणं मात्र आईनं परत दिलं नाही.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी